लाल धाग्याचं वांगं



महालक्ष्म्या नुकत्याच जेवून गेल्या. घरोघरी पुरणपोळी झाली, आंबील झाली आणि नैवेद्याच्या ताटात सोळा भाज्याही झाल्या. आज आम्ही बोलणार आहोत त्या भाज्यांच्या बियाण्याबद्दल.

चार वर्षांपूर्वी याच दिवसांत आमच्या गटाची बैठक होती. बचतीचे पैसे गोळा झाले, वहीत सह्या झाल्या, आणि चहा पिता पिता एकीनं विचारलं, "काय गं, परवाच्या सोळा भाज्यांतल्या आपल्या शेतातल्या किती होत्या?" आम्ही बोटांवर मोजायला लागलो. अंबाडी, दोडकं, चवळी, वांगं, भेंडी. पाचावर मोजणी थांबली. बाकी अकरा तालुक्याच्या बाजारातून पिशवीत आल्या होत्या. मग दुसरीनं विचारलं, "या पाचांतलं घरचं बी कशाकशाचं?" उत्तर होतं फक्त दोन, अंबाडी आणि दोडकं. बाकीचं बी दुकानातल्या पाकिटातलं.

आम्ही सगळ्या शेतकऱ्यांच्या लेकी, शेतकऱ्यांच्या सुना. घरी दोन-तीन एकर जमीन आहे. तरी देवीच्या ताटासाठी भाजी विकत आणायची आणि भाजीसाठी बीही विकत आणायचं. त्या दिवशी चहा तसाच गार झाला.

ही बियाणी गेली कुठे? कुणी चोरली नाहीत, कुणी बंदीही घातली नाही. आपल्या सासवा कपाशीच्या पेरणीला जायच्या तेव्हा त्यांच्या ओटीत मूठभर मिसळीचं बी असायचं. कपाशीच्या तासात अधूनमधून भेंडी, चवळी, अंबाडी, वाळूक, काकडी टाकायची. धुऱ्यावर वालाचे वेल, कुंपणावर दोडकं आणि कारलं. दिवाळीपर्यंत घरात भाजी विकत यायची नाही. मग सोयाबीन आलं. निंदणाची मजुरी परवडेना म्हणून तणनाशक आलं. तणनाशकाला तण कोणतं आणि अंबाडीचं रोप कोणतं, हे कळत नाही. दोन-तीन वर्षं तासात काही उगवलं नाही, की पुढच्या वर्षी कुणी बी टाकत नाही. आणि टाकायचं थांबलं, की गाडग्यातलं बी जुनं होऊन मरतं. एवढी साधी गोष्ट आहे.

आता एक गंमत सांगतो. आपला देऊळगाव राजा, सिंदखेड राजाचा पट्टा जालन्याला लागून आहे. जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको ही बियाणे कंपनी सुरू केली. पुढे त्यांना १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. जालना बियाण्यांचं गाव झालं आणि आपल्या भागातही शेडनेटमध्ये, शेतात भाजीपाल्याचे सीड प्लॉट आले. मिरची, टमाटे, काकडी, कांदा. तिथे क्रॉसिंगला कोण जातं? आपणच जातो. मादी झाडाची कळी उमलायच्या आधी अलगद उघडायची, तिच्यातले पुंकेसर काढून टाकायचे, दुसऱ्या वाणाच्या नर फुलाचे पराग आणून लावायचे, आणि तोडताना चूक होऊ नये म्हणून त्या फुलाला खूण करायची, धागा बांधायचा. आमच्या गटातल्या सहा जणी हे काम दहा-दहा वर्षं करतात. नखाएवढ्या कळीतलं काम चष्म्याशिवाय करतात.

म्हणजे बघा, आपल्याच हातांनी बियाणं तयार होतं, ते पाकिटात बंद होतं, आणि आपणच ते दुकानातून विकत आणतो. मजुरी मिळते, ती हवीच आहे. सीड प्लॉटनं आपल्या भागातल्या अनेक घरांना आधार दिला, ते नाकारायचं नाही. पण एवढं कसब हातात असून घरच्या दोडक्याचं बी राखता येऊ नये, हे काही बरं नाही.

इथे एक गोष्ट समजून घेऊ. पाकिटावर हायब्रीड किंवा संकरित लिहिलेलं असतं, त्या झाडाचे आई-बाप दोन वेगळे वाण असतात. पहिल्या पिढीला पीक एकसारखं आणि जोमदार येतं. पण त्याच फळाचं बी काढून पुढच्या वर्षी लावलं, तर एक झाड आजीवर जातं, एक मामावर जातं, एकसारखं काही येत नाही. म्हणून हायब्रीडचं बी राखण्यात अर्थ नाही. गावरान वाणाचं तसं नसतं. नीट निवडून राखलं, तर आईसारखीच लेक येते. कृषी विद्यापीठांच्या सुधारित वाणांचं बीही दोन-तीन वर्षं राखता येतं. ज्यांना बाजारासाठी हायब्रीड लावायचं, त्यांनी लावावं. आमचं म्हणणं एवढंच, की शेताचा एक कोपरा, दोन-चार गुंठे, घरच्या बियाण्याचा आणि बिनविषाचा असावा.

हे आम्हाला सहज सुचलं नाही. चुकूनच शिकलो. ती चूक सांगतो.

आमच्या गावात एका आजींकडे काटेरी वांग्याचं बी होतं. फळ छोटं, गोल, जांभळ्यावर पांढऱ्या रेघा, देठाला काटे. भरून केलं तर रस्सा घट्ट होतो आणि फोड फुटत नाही. त्या बैठकीनंतर आजींनी आम्हाला चमचाभर बी दिलं. गटातल्या एका ताईनं तिच्या पाच गुंठ्यांत रोपं लावली, कारण विहिरीचं पाणी तिच्याकडेच होतं. त्याच वर्षी पावसाळ्यात आजी गेल्या.

वांगी आली ती सुरेख. महालक्ष्म्यांच्या तोंडावर भाव चांगला होता. ताईच्या घरी गटाच्या कर्जाचा हप्ता द्यायचा होता, पोरीची फी होती. पहिला तोडा गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. ताई म्हणत होती, "चार झाडं बियाला ठेवू." तिचे मालक म्हणाले, "झाडावर पैसे सडवायचे का? बी काय, शेवटीही निघतं." खरं सांगायचं तर आम्हीही गप्प बसलो. हप्ता आम्हालाच हवा होता.

शेवटी झाडावर उरली ती बोराएवढी, अळीनं पोखरलेली फळं. त्यांचंच बी धरलं. पुढच्या वर्षी निम्मं बी उगवलंच नाही. जी रोपं आली ती मरतुकडी होती, काहींना फळच धरलं नाही. आणि आजी तर गेलेल्या. आम्ही त्यांच्या घरी जाऊन गाडगी पाहिली. घर सारवून, रंगवून झालं होतं, गाडगी उकिरड्यावर गेली होती.

तेव्हा एकीला आठवलं, की आजींची धाकटी लेक लोणारकडे दिली आहे. फोन केला. ती म्हणाली, "आईनं माझ्या लग्नात ओटीत बी दिलं होतं. मी दरसाल चार झाडं लावते अजून." आम्ही दोघी एसटीनं गेलो आणि चिंधीत बांधलेलं बी घेऊन आलो. मायलेकींच्या त्या ओटीनं वांगं वाचलं. आम्ही तर ते जवळपास घालवलं होतं.

त्या दिवसापासून गटानं दोन नियम केले. पहिला नियम लाल धाग्याचा. दुसरा नियम तीन घरांचा. हेच दोन नियम तुम्हाला सांगायला आज आम्ही आलो.

लाल धाग्याचा नियम असा. झाडाला फुलं यायला लागली, की शेतात फिरायचं. निरोगी, जोमदार, वाणाची खरी खूण दाखवणारी झाडं निवडायची. एक नाही, निदान आठ-दहा निवडायची, म्हणजे एकाच झाडाचा दोष पुढे जात नाही. त्या झाडांना लाल धागा बांधायचा, सीड प्लॉटमध्ये बांधतो तसाच. धागा बांधलेल्या झाडावरची पहिली-दुसरी चांगली दोन फळं बियाला सोडायची. ती विकायची नाहीत, भाजीला तोडायची नाहीत, पाहुणे आले तरी नाही. बी फळ अंगावर असलं, की झाड पुढे थोडं कमी फळतं. म्हणून सगळीच फळं सोडायची नाहीत, बाकीची वेळेवर तोडत राहायचं.

हिशेब घरच्या माणसांपुढे मांडा. दहा झाडांवर दोन-दोन म्हणजे वीस वांगी. दीड-दोन किलोचा माल. एका पिकलेल्या वांग्यात शेकड्यांनी बिया असतात. वीस वांग्यांत सगळ्या गटाला पुरून उरेल एवढं बी. आम्ही ताईच्या मालकांसमोर हा हिशेब वहीत लिहून दाखवला. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी धागा त्यांनीच बांधला.

तीन घरांचा नियम त्याहून सोपा आहे. कोणतंही बी एका घरात ठेवायचं नाही. गावातल्या दोन घरांत ठेवायचं आणि तिसरं घर गावाबाहेरचं, माहेरचं किंवा लेकीच्या सासरचं. एका घरी पाणी आटलं, उंदीर लागले, आजारपण आलं, तरी बी कुठेतरी जिवंत राहतं.

आता बी काढायचं कसं, ते एकेका भाजीचं सांगतो.

नवीन असाल तर चवळी आणि वालापासून सुरुवात करा. यांचं फूल बहुतेक वेळा स्वतःच्याच परागावर फळतं, वाण सहसा बिघडत नाही. शेंगा झाडावरच वाळू द्यायच्या, पाऊस लागण्याआधी तोडायच्या. अंबाडीची बोंडंही अशीच वाळवून झोडायची.

वांगं झाडावर पूर्ण पिवळं, तपकिरी होऊ द्यायचं. तोडून चार-आठ दिवस सावलीत ठेवायचं. मग कापून गर पाण्यात कुस्करायचा. भरलेलं बी तळाला बसतं, पोकळ बी आणि गर वर येतो. वरचं ओतून द्यायचं. टमाट्याच्या बियांवर बुळबुळीत आवरण असतं, म्हणून गर एक-दोन दिवस भांड्यात आंबू द्यायचा, मग धुवायचा. दोन्हीचं बी सावलीत, कापडावर पातळ पसरून वाळवायचं. कडक उन्हात तव्यासारख्या तापलेल्या पत्र्यावर टाकू नका, बी भाजून निघतं.

भेंडीवर मधमाशा फार येतात. शेजारी हायब्रीड भेंडी असेल तर बी मिसळतं. आमचं एकदा तसं झालं. त्यावर उपाय म्हणजे, उद्या उमलणाऱ्या कळीवर आज संध्याकाळी पातळ सुती कापडाची छोटी पिशवी बांधायची. फूल आतल्या आत फळतं. पिशवी काढून त्या भेंडीला धागा बांधायचा आणि ती झाडावरच वाळू द्यायची.

वेलांचं काम क्रॉसिंगवाल्या बायांसाठी डाव्या हाताचा मळ आहे. वेलावर नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं. मादी फुलाच्या देठाला बारीकसं फळ दिसतं. दोडकं आणि दुधीची फुलं संध्याकाळी उमलतात, लाल भोपळ्याची सकाळी. उमलण्याआधी दोन्ही कळ्यांची तोंडं दोऱ्यानं बांधून ठेवायची. वेळ झाली की नर फूल तोडून मादी फुलावर फिरवायचं आणि मादी फूल पुन्हा बांधायचं. फळ धरलं की देठाला लाल धागा. दोडकं वेलावरच वाळून खुळखुळायला लागलं, की बी तयार.

दुधीबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. चिरताना कच्चा तुकडा जिभेला लावून बघायचा. कडू लागला तर ती दुधी खायची नाही, तिचा रसही प्यायचा नाही. उलट्या-जुलाबानं माणूस गंभीर आजारी पडतं. आणि त्या वेलाचं बी तर मुळीच ठेवायचं नाही.

बिनविषाच्या कोपऱ्यात वांग्याला मोठा शत्रू म्हणजे शेंडे आणि फळं पोखरणारी अळी. मलूल होऊन लोंबलेला शेंडा दिसला, की अळीसकट खुडून नष्ट करायचा, तिथेच टाकायचा नाही. दर दोन-तीन दिवसांनी हे केलं तर निम्मं काम होतं. पाच किलो वाळलेल्या निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवायच्या, गाळून शंभर लिटर पाणी करायचं आणि संध्याकाळी फवारायचं. निंबोळ्या मृगात आपल्या झाडाखाली फुकट पडतात, तेव्हाच वेचून वाळवून ठेवा.

फळांचं थोडं वेगळं आहे. धुऱ्यावरच्या गावरान आंब्याची कोय लावली, तर तोच आंबा येईल याची खात्री नसते. शेपूआंबा गोड म्हणून कोय पुरली आणि दहा वर्षांनी आंबट आंबा मिळाला, असं आपल्याकडे पुष्कळ झालं आहे. चांगला आंबा राखायचा तर पावसाळ्यात त्याच झाडाची काडी घेऊन कोय-कलम करावं लागतं. म्हणून जुनं झाड तोडायची गोष्ट घरात निघाली, तर आधी त्यावरून कलमं करून घ्या. सीताफळ मात्र बियांपासून सहज येतं. गोड, मोठ्या डोळ्यांच्या, कमी बियांच्या फळाचं बी वेगळं ठेवत चला.

बी साठवताना ओल हा पहिला वैरी. दाताखाली कटकन तुटेल इतकं वाळलेलं हवं. चाळलेली कोरडी राख मिसळून, घट्ट झाकणाच्या बरणीत, चुलीपासून लांब ठेवा. बरणीवर नाव, वर्ष आणि कुणाच्या शेतातलं ते लिहा. कांद्याचं बी वर्षाच्या आत लावून टाका, ते टिकत नाही. वांगं, टमाटे कोरडे असले तर तीन-चार वर्षं चालतात.

आता घटस्थापना जवळ आली आहे. घटाभोवतीच्या मातीत आपण धान्य पेरतो आणि नऊ दिवसांत ते कसं वर येतं, हे सगळं घर पाहतं. तीच उगवणीची चाचणी आहे. तशीच बियाण्याची करा. ओल्या गोणपाटावर पन्नास बिया मांडून गुंडाळायच्या, ओल टिकवायची. आठ-दहा दिवसांनी मोजायच्या. चाळीसच्या वर उगवल्या तर बी उत्तम. पंचवीस उगवल्या तर दाट पेरायचं. त्याहून कमी असेल तर ते बी दुसरीला देऊ नका. तिचा हंगाम वाया जातो, आणि आपल्यावरचा विश्वासही.

काही बाया विचारतात, असं बी वाटणं कायद्यात बसतं का? बसतं. २००१ च्या वाणसंरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्याला आपल्या शेतातलं बी राखायला, पेरायला, अदलाबदल करायला, वाटायला आणि विकायलाही हक्क दिला आहे. फक्त कंपनीचं नाव लावून, पाकिटबंद करून ते विकता येत नाही.

आणि हे काम शिकलेल्या माणसांचंच असतं असं समजू नका. अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्यातलं कोंभाळणे हे गाव. तिथल्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. घरचं गावरान बी त्यांनी गाडग्यांत राखायला सुरुवात केली, बाएफ संस्थेची साथ मिळाली, घरातच बियाण्यांची बँक उभी राहिली. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आज त्यांना सगळे बीजमाता म्हणतात. त्यांनी केलं ते आपल्या आज्याही करत होत्या. राहीबाईंनी ते थांबू दिलं नाही.

आमच्या गटाकडे आज बारा भाज्यांचं घरचं बी आहे. यंदाच्या महालक्ष्म्यांना सोळांतल्या दहा भाज्या गावातल्या होत्या. काटेरी वांगं सात घरांत होतं, आणि लोणारच्या लेकीकडे आहेच. सहा भाज्या अजून बाजारातल्याच आहेत. त्यांत एक लांब शेंगेची जुनी गवार आहे. कुणाच्या माहेरी ती असेल तर आम्हाला चमचाभर हवी. त्या बदल्यात वांग्याचं बी देऊ.

आता तुमचं काम. या आठवड्यात शेतात जा, आपल्याकडचं सगळ्यात चांगलं झाड शोधा आणि त्याला धागा बांधा. घरात सगळ्यांना सांगा, की या झाडाला हात लावायचा नाही. पुढच्या बैठकीत बचतीच्या वहीत एक पान नवं काढा. कुणाकडे कोणतं बी आहे, ते लिहा. घरात जुन्या सासूबाई, आजेसासूबाई असतील तर त्यांच्याजवळ बसून विचारून लिहा, आणि उद्यावर टाकू नका.

येतो आम्ही. रामराम.